एका पंगतीचं टेबल

हॉलमध्ये एका वेळी सात माणसं जेवायला बसावीत, एवढंच प्रमोदिनीला हवं होतं. पण मोजपट्टी कशीही फिरवली तरी ते जमत नव्हतं.

जटवाडा रोडला, हर्सूलच्या अलीकडं, जिथं काही वर्षांपूर्वी ज्वारी उभी असायची तिथं आता इमारती उभ्या होत्या. त्यांतल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि सासऱ्यांचा दिवाण, आणि या तिघांच्या मधून अंग चोरून जायची वाट. पाहुणे आले की दोन पंगती व्हायच्या. आधी पुरुष आणि पोरं, मग बायका. त्यात कुणाला कधी काही खटकलं नव्हतं.

या वेळी खटकणार होतं.

तिचा मुलगा अमेय वाळूजला औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत होता. तिथंच काम करणाऱ्या ज्ञानेश्वरीशी त्याला लग्न करायचं होतं. ती देवगाव रंगारीची, धनगराच्या घरातली. आई लहानपणी गेलेली, आजी बानाबाईनं वाढवलेली. वडील मुंजाबा. दुष्काळानं त्यांना निम्मी मेंढरं विकायला लावली होती आणि उरलेली घेऊन त्यांचा भाऊ गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला गेला होता. अमेय फेब्रुवारीत त्यांच्याकडं जाऊन जेवून आला. निघताना मुंजाबा त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "माझा बाप घोंगड्या घेऊन तुमच्यासारख्यांच्या घरी जायचा. जेवाया मिळायचं, पर ओसरीवर. तुमी बोलावलं तर आमी येऊ. पर घरातली माणसं आधी जेवली अन् मंग आमची पंगत लागली, तर मी ताटावरून उठंन. म्होरं तुमचं तुमी बघा."

अमेयनं हे आईला स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होईपर्यंतच्या वेळात सांगितलं. प्रमोदिनीनं दारातून हॉलकडं पाहिलं.

"खाली पानं मांडली तर?" तिनं विचारलं.

"ज्ञानेश्वरीच्या आजीचे गुडघे धरलेत. आणि आपले आबा तरी कुठं खाली बसतात?"

ते खरं होतं. आबा म्हणजे लक्ष्मणराव, तिचे सासरे. तहसीलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कित्येक वर्षं ते दिवाणावर बसूनच, समोर स्टुलावर ताट घेऊन जेवत.

श्रीरंगला, तिच्या नवऱ्याला, हे सगळं वाढवून ठेवल्यासारखं वाटलं. "जागा नाही म्हणून दोन पंगती, एवढं सांगितलं की झालं. माणसं समजून घेतात."

"तुमच्या आजोबांच्या घरी कुणी ओसरीवर जेवत असेल ना, त्यालाही आत जागा नाही असंच सांगत असतील," प्रमोदिनी म्हणाली.

मग टेबलाचा शोध सुरू झाला. जालना रोडवरच्या मोठ्या दुकानांत गेले, तर तिथल्या टेबलांनी त्यांचा हॉल झाकून गेला असता. विक्रेत्यानं हसून विचारलं, "मॅडम, थ्री बीएचके आहे ना?" अमेयनं मोबाइलवरून भिंतीला बसवायचं, मिटणारं टेबल मागवलं. बसवायला आलेल्या माणसानं भिंतीत ड्रिल घातलं तशी भिंतीतून पांढरी भुकटी गळायला लागली. बिल्डरनं हलक्या ठोकळ्यांच्या भिंती घातल्या होत्या. स्क्रू धरेनात. टेबल एका बाजूनं सुटलं आणि लोंबकळत राहिलं. दिवाणावरून आबा हे सगळं बघत होते.

"भिंतीला टेबल टांगा," ते म्हणाले, "उद्या माणसं टांगा."

लग्नाचा विषय निघाला तेव्हा आबा इतकंही बोलले नव्हते. "मला विचारू नका," एवढंच म्हणाले होते. घरातल्या सगळ्यांनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला होता.

शेवटी शहागंजात, जुन्या फर्निचरच्या एका खोल दुकानात, दुकानदार सांडूभाईंनी एका अरुंद कपाटावरची गोधडी ओढून काढली. कपाट जेमतेम वीतभर जाडीचं. दोन्ही बाजूंना फळ्या खाली लोंबत होत्या. सांडूभाईंनी एक फळी उचलून खालचा पाय फिरवला, मग दुसरी उचलली. बघता बघता दुकानात चालायला जागा उरली नाही.

"खोलो तो आठ आदमी," ते म्हणाले, "बंद करो तो दीवार. लेकिन बाजी, एक बात है. जो अंदर बैठा, वो सबके साथ उठेगा. बीच में नहीं निकल सकता."

प्रमोदिनीनं ते टेबल घेतलं.

त्याला हॉलमध्ये एकच जागा होती, आबांच्या दिवाणाची. श्रीरंग आबांना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेला, तेवढ्यात प्रमोदिनी आणि अमेयनं दिवाण आतल्या खोलीत हलवला. आबा परत आले, चपला काढता काढता थांबले. एक चप्पल पायात, एक हातात.

"माझं अंथरूण?"

"आत घेतलंय आबा. कूलरही तिकडं लावलाय. आत शांत वाटेल तुम्हाला."

हॉलमधून त्यांना दार दिसायचं, कोण आलं-गेलं कळायचं, बाल्कनीतून रस्ता दिसायचा. आतल्या खोलीची खिडकी पाइपांच्या बंद डक्टात उघडत होती. आबांनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि आत गेले. त्या दिवसापासून ते प्रमोदिनीशी बोलले नाहीत. ती चहा ठेवायची, ते घ्यायचे. वाद झाला नाही म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं. त्याहून जास्त विचार करायला तिला सवड नव्हती.

एप्रिलमधला रविवार ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी दोघांनी टेबल उघडून बघितलं. खिडकीच्या बाजूनं तीन खुर्च्या बसल्या, पण त्यांची पाठ भिंतीला टेकली. तिथून उठायचं तर ताटं उचला, फळी खाली घ्या, मगच माणूस बाहेर. अलीकडं तीन खुर्च्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक, तिची.

"आबांना अलीकडं बसवू," श्रीरंग म्हणाला. "म्हातारं माणूस, मधे उठावं लागतं."

"नाही. आत, मधल्या खुर्चीवर."

"का?"

"मधेच उठून गेले तर?"

श्रीरंगनं तिच्याकडं बघितलं. "तू त्यांना कोंडतेयस, प्रमोदिनी."

"हो," ती म्हणाली.

शनिवारचा पाण्याचा टँकर आला नाही. हर्सूल तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या. नळाचं पाणी कधी येईल ते पालिकेलाही सांगता येत नव्हतं. रविवारी सकाळी घरात एक भरलेला ड्रम आणि पिण्याचे दोन हंडे उरले होते. शेजारच्या केसरबाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "कशाला ताटं काढतेस गं? पत्रावळ्या आण. खाऊन फेकून दे. धुवायला पाणी कुठंय?"

प्रमोदिनीच्या मनातही ते येऊन गेलं होतं. मग तिच्या डोळ्यांसमोर आलं, मुंजाबा त्या पत्रावळीकडं बघतायत. त्यांना वाटणार, घरातली भांडी आपल्या हातानं विटाळू नयेत म्हणून पत्रावळी. ती म्हणाली, "स्टीलचीच काढते," आणि फळीवरची ठेवणीतली ताटं उतरवून एकेक पुसायला लागली.

पाहुणे ऊन चढायच्या आत आले. मुंजाबांच्या डोक्याला तांबडा पटका, अंगात नुकतीच घडी मोडलेला शर्ट. बानाबाई जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या. मागून ज्ञानेश्वरी, तिच्या हातात तुपाचा डबा. मुंजाबांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन एक नजर हॉलभर फिरवली आणि टेबलावर मांडलेली ताटं मोजल्यासारखी बघितली. सात. त्यांचे खांदे किंचित सैल झाल्याचं प्रमोदिनीला दिसलं.

"साहेब, घर ब्येस हाय," ते श्रीरंगला म्हणाले.

"साहेब नका म्हणू हो," श्रीरंग ओशाळून म्हणाला.

आबा आतल्या खोलीतून आले. धुतलेलं धोतर, अंगात सदरा. त्यांनी पाहुण्यांना नमस्कार केला, नीट, दोन्ही हात जोडून. मग प्रमोदिनीनं दाखवलेल्या खुर्चीकडं पाहिलं.

"मी आत?"

कित्येक दिवसांत ते तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

"खिडकीतून वारा येतो आबा."

लोकांसमोर त्यांनी वाद घातला नाही. ते आत सरकले. त्यांच्या एका बाजूला अमेय, दुसऱ्या बाजूला मुंजाबा. बरोबर समोर बानाबाई, त्यांच्या एका हाताला ज्ञानेश्वरी, दुसऱ्या हाताला श्रीरंग. फळी वर घेतली, पाय फिरवला, खटका बसला. प्रमोदिनी सगळे पदार्थ टेबलावर ठेवून आपल्या खुर्चीवर बसली. श्रीखंड, पुऱ्या, भरली वांगी, बटाट्याची भाजी, वरण-भात. वाढायला उभं राहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तीस वर्षांच्या संसारात पाहुण्यांबरोबर ती पहिल्यांदाच पंगतीला बसत होती.

बोलणं पाण्यावरून सुरू झालं. देवगावात टँकर कुठं थांबतो, विहिरीच्या तळाला काय उरलंय, छावणीत जनावरं किती. मुंजाबा सांगत होते आणि श्रीरंग हं हं करत होता. अमेय भराभर जेवत होता, लहानपणी परीक्षेच्या दिवशी जेवायचा तसा. ज्ञानेश्वरीनं पुरीचा एक तुकडा तोडून तसाच ठेवला होता.

आबांनी ताटाला हात लावला नव्हता. ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय ते कधी घास घेत नसत. आज त्यांनी पाणीही फिरवलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसले होते.

मुंजाबांच्या ते ध्यानात आलं. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला, मग थांबला.

"आजोबा जेवंनात," ते म्हणाले.

"त्यांची भूक जरा कमीच असते," श्रीरंग घाईनं म्हणाला.

"भूक आहे," आबा म्हणाले.

श्रीरंगनं पुऱ्यांचं ताट त्यांच्याकडं सरकवलं.

"टेबल मिटवा," आबा म्हणाले. "मला उठायचंय."

अमेयचा हात आपल्या ताटाकडं गेला. श्रीरंगनं भाजीचं पातेलं उचललं.

"कुणी ताट उचलायचं नाही," प्रमोदिनी म्हणाली.

तिचा आवाज तिलाच परका वाटला. श्रीरंग पातेलं हातात धरून तिच्याकडं बघत राहिला. "अगं—"

"आबा, उठायचं तर उठा. पण का उठताय ते इथं, सगळ्यांसमोर सांगा. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडू नका."

आबांनी मांडीवरचा एक हात टेबलावर ठेवला. "सांगतो. माझा दिवाण काढला. मी घरात नसताना काढला. या घरात मी कुठं झोपायचं, कुठं बसायचं, हे मला सोडून सगळ्यांनी ठरवलं. लाकडाचं टेबल आणलं, त्याला विचारून आणलं असेल. मला नाही."

प्रमोदिनीला ते लागलं. ते खरं होतं म्हणूनच लागलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "दिवाण आज संध्याकाळी जागेवर येईल. पण आबा, दिवाणाचंच आहे, की आणखी काही?"

त्याच वेळी खाली हॉर्न वाजला. एकदा, मग सलग. जिन्यात धावपळ सुरू झाली. "टँकर! टँकर आला! पाइप सोडा खाली!" केसरबाईंनी दारावर थापा मारल्या. "प्रमोदिनी, अगं पाइप लाव, नंतर थेंब मिळायचा नाही!"

पाइप नेहमी तीच लावायची, आणि तिची खुर्चीही मोकळी होती. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती उठली नाही. आबांकडं बघत बसून राहिली.

"सांगा आबा."

आबांनी समोर बघितलं. तिथं बानाबाई बसल्या होत्या, पदर डोक्यावर घेतलेल्या, हातात पुरीचा घास. मग शेजारी मुंजाबांकडं, त्यांच्या पटक्याकडं. खोटं बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, किंवा तेवढं त्राण उरलं नव्हतं.

"दोन्ही आहे," ते म्हणाले.

मुंजाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "झालं तर मंग," ते म्हणाले आणि उठले. पण खुर्ची भिंतीवर आपटली आणि टेबलाची कड त्यांच्या पोटात रुतली. ना बसता येत होतं ना उभं राहता येत होतं. ते वाकलेले, एक हात टेबलावर, एक भिंतीला. डोक्यावरचा पटका पडद्याच्या दांडीला लागून तिरका झाला.

"हे फळकुट खाली घ्या."

अमेयनं खाली वाकून खटका चाचपला, तो हाताला लागला नाही. मुंजाबांचा चेहरा काळवंडला होता. त्यांनी प्रमोदिनीकडं मान वळवली.

"ताई, आमाला जेवाया बोलावलं का कोंडाया?"

"कोंडायलाच," ती म्हणाली. "पण तुम्हाला नाही हो. आबांना. तुम्ही मधे सापडलात."

बानाबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की उसासा, कळलं नाही. "बस मुंज्या," त्या म्हणाल्या.

"आये, ऐकलं न्हाई का तू? तोंडावर बोलला म्हातारा."

"ऐकलं की. तोंडावर बोलला. तुझ्या बापाला ओसरीवर बसवणारं तोंडावर कवा बोललं व्हतं? बस."

"अण्णा, बसा," ज्ञानेश्वरी वडिलांना म्हणाली. "मला बोलायचंय. उठायचं तर त्याच्यानंतर उठा. मीबी उठते तुमच्याबरोबर."

मुंजाबा बसले. पटका सरळ केला नाही.

ज्ञानेश्वरीनं आबांकडं बघितलं. ती हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती. "आजोबा, तुमची परवानगी मागायला मी आले नाही. काकूंच्या मनात होतं की सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं, म्हणून आले. मी रोज समोर बसणार आणि तुम्ही रोज असे हात मांडीवर ठेवणार, असं मला जगायचं नाही. अमेयनं आणि मी वाळूजला खोली बघितलीये. लग्न झालं की आम्ही तिकडं राहणार."

प्रमोदिनीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं अमेयकडं बघितलं. तो ताटाकडं बघत होता. म्हणजे खरं होतं. तिनं ज्या घरात एका सुनेसाठी जागा करायला भिंत फोडली, म्हाताऱ्या माणसाला उठवलं, त्या घरात कुणी येणारच नव्हतं.

"कधी ठरवलंत?" तिनं विचारलं.

"मागच्या महिन्यात," अमेय म्हणाला.

"आणि मी दुकानं फिरत होते."



"म्हणजे अमेय इथं राहणार नाही?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"नाही आबा."

"माझ्यामुळं?"

उत्तर ज्ञानेश्वरीनं दिलं. "तुमच्यामुळं, आणि जागेमुळं. दोन्ही आहे, आजोबा."

खाली टँकरचं इंजिन सुरू झालं. जिन्यात पाण्याच्या बादल्या आपटत वर येत होत्या. टँकर वळला, फाटकातून बाहेर पडला, आवाज रस्त्याला लागून विरत गेला. प्रमोदिनीच्या ड्रमात एक थेंबही पडला नव्हता.

आबा बराच वेळ आपल्या ताटाकडं बघत होते. मग समोरच्या ताटाकडं. बानाबाईंचा घास हातातून ताटात परत गेला होता.

"तुम्ही जेवा," आबा त्यांना म्हणाले.

"म्या कशी जेवू?" बानाबाई म्हणाल्या. "समोर म्हातारं माणूस भरल्या ताटावर उपाशी बसलंय. आमच्यात असं खात न्हाईत. तुमी न्हाई तर म्या बी न्हाई."

"माझ्यामुळं थांबू नका. तुम्ही पाहुण्या आहात."

"मंग पाव्हनीचं ऐका. एक घास घ्या."

प्रमोदिनीला त्यांचा स्वभाव पुरता ठाऊक होता. दारात आलेला माणूस चहा न घेता गेला तर ते दिवसभर चिडचिडत. त्यांच्या उभ्या आयुष्यात पाहुणा घरातून उपाशी गेला नव्हता. निदान ज्याला ते पाहुणा म्हणत तो तरी.

त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, ताटाभोवती फिरवलं. भात कालवला.

"घरी आलेला पाहुणा उपाशी उठू नये म्हणून जेवतोय," ते म्हणाले. "बाकी मी काही कबूल केलेलं नाही."

"कबूल करा म्हनलंय कुनी?" बानाबाई म्हणाल्या आणि पुरी उचलली. "जेवा."

ते जेवले. मान वर न करता, पण सगळं. वांगं, भाजी, शेवटी श्रीखंड. मुंजाबांनीही ताट पुरं केलं. अन्न टाकून उठणं त्यांच्या हातून झालं नाही. कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही, कुणी आग्रह केला नाही. जेवण इतकं मुकाट्यानं चाललं होतं की शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

जेवणं झाल्यावर श्रीरंगनं ताटं उचलली, अमेयला खटका सापडला, फळी खाली आली. आधी मुंजाबा बाहेर आले, मग आबा. आबा सरळ आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मुंजाबा बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

स्वयंपाकघरात खरकट्या ताटांचा ढीग पडला आणि धुवायला पाणी नव्हतं. बानाबाई ओट्याशी आल्या, त्यांनी कोरडं पीठ मागून घेतलं आणि ज्ञानेश्वरी-प्रमोदिनीनं मिळून पिठानं आणि जुन्या कापडानं ताटं पुसली.

"काकू, अमेयला तुम्हाला सांगवत नव्हतं," ज्ञानेश्वरी पुसता पुसता म्हणाली. "तुम्ही रोज नवं टेबल दाखवायचा मोबाइलवर. तो म्हणायचा, आई किती खूश आहे."

"मी खूश नव्हते. घाबरले होते."

"मीपण."

प्रमोदिनीला तिचा राग आला होता, आणि तो लगेच जाण्यासारखा नव्हता. अमेयचा त्याहून जास्त. तिनं पुसलेलं ताट बाजूला ठेवलं. "खोली केवढी आहे?"

"एक खोली, आणि ओटा. संडास बाहेर."

"पाणी?"

"बोअर आहे. अजून तरी लागतंय."

"बघायला येईन मी," प्रमोदिनी म्हणाली. "तुम्ही बोलावलं तर."

निघताना मुंजाबा दारात चपला घालता घालता थांबले. "लगीन कवा करायचं ते पोरं ठरवतील. मी आडवा येनार न्हाई," ते म्हणाले. "पर ह्या घरात मी परत जेवाया येईन का, ते आज सांगत न्हाई. तुमी बोलावल्याबद्दल वंगाळ वाटून घेऊ नका ताई."

"नाही घेत," ती म्हणाली. "मी तुम्हाला न विचारता आत बसवलं. ते चुकलंच."

मुंजाबांनी मान हलवली आणि बानाबाईंचा हात धरून जिना उतरायला लागले.

संध्याकाळी तिनं आणि श्रीरंगनं दिवाण परत हॉलमध्ये आणला. मिटलेलं टेबल त्याच्या पायथ्याशी भिंतीला लागून बसलं. आबा आले, आडवे झाले, कुशीवर वळले. त्या रात्री अमेयशी ती भांडली. आवाज चढवून, खूप वर्षांनी. तो रडला आणि तीही रडली. त्यातून काही सुटलं असं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं तिला वाळूजला नेलं आणि खोली दाखवली.

जूनमध्ये नोंदणी कार्यालयात लग्न झालं. पाऊस अजून आला नव्हता. साक्षीदार घाम पुसत सह्या करत होते. मुंजाबा आले होते, भाऊ गंगेच्या काठावरून आला होता, श्रीरंगच्या ऑफिसातले दोघं होते. आबा आले नाहीत. आदल्या दिवशी अमेय त्यांच्या पाया पडला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. ज्ञानेश्वरीचं नाव त्यांनी काढलं नाही.

प्रमोदिनी घरी आली तेव्हा आबा दिवाणावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तिनं साडीची पिन काढली, पंखा वाढवला, त्यांना पाणी दिलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

ते वाचत राहिले. थोड्या वेळानं वर्तमानपत्राआडून आवाज आला. "त्या बाई आल्या होत्या?"

"कुठल्या?"

"त्या. समोर बसल्या होत्या."

"बानाबाई? आल्या होत्या. तुमची चौकशी करत होत्या."

"काय म्हणाल्या?"

"विचारत होत्या, म्हातारं नीट जेवतंय का म्हणून."

आबांनी पान उलटलं. "आगाऊ बाई आहे," ते म्हणाले. ते रागानं म्हणाले की आणखी कशानं, हे प्रमोदिनीला त्यांच्या आवाजावरून ओळखता आलं नाही.